निखारा, मीठ आणि कोकराचा चॉप

‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक रंगभूमीवर येतो तो कुरकुरतच. मृगयेच्या नादी लागलेल्या राजाच्या मागे धावून धावून त्याचे अंग आंबून गेले आहे. प्यायला मिळते ते पाने कुजून कडवटलेले डोंगरी ओढ्याचे पाणी. आणि जेवण म्हणाल तर वेळी-अवेळी, तेही बहुतेक शूल्य मांसाचे. शूल्य म्हणजे सुळावर खोचून विस्तवावर भाजलेले. पुढे राजा एका कामात मदत मागतो, तर हा विचारतो, मोदक खाण्याच्या कामात काय? मोदक घरचे आणि शूल्य मांस रानातले, हा भेद कालिदासाच्या प्रेक्षकांना समजावून सांगावा लागत नव्हता. भाजलेले मांस हे राजाचे, शिकाऱ्याचे, सैनिकाचे किंवा देवाच्या नैवेद्याचे. चुलीवरचे, रोजच्या घरातले मांस म्हणजे मडक्यात शिजणारे.

ज्या पदार्थाविषयी आज लिहायचे आहे, तो मात्र भाजलेला असूनही घरगुती आहे. मेंढीच्या कोवळ्या कोकराचे बरगडीसकट कापलेले तुकडे, म्हणजे चॉप. त्यांना मीठ, लसूण आणि एखादी सुवासिक हिरवी पाने चोळायची, तापल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर टाकायचे, दहा मिनिटांत उतरवायचे. वाटण नाही, घाटण नाही, फोडणी नाही. याहून साधी पाककृती शोधून सापडायची नाही. आणि तरीही हा पदार्थ सामान्य माणसाच्या घरी मोठ्या प्रमाणावर पोचला तो जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी. माणूस अग्नी बाळगू लागून लाखो वर्षे झाली, मेंढी पाळू लागून दहा हजार वर्षे झाली, मीठ तर त्याला ठाऊकच होते. मग या दहा मिनिटांच्या कृतीला इतका उशीर का व्हावा? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही. ते कुरणात आहे, मागावर आहे, आणि शेवटी एका जहाजाच्या पोटात आहे. (चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या वाचकांनी हा लेख निव्वळ इतिहास म्हणून वाचावा, शेवटची कृती तेवढी वगळावी.)

कोकरू आणि कडू-सुवासिक पाला यांची जोडी फार जुनी. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडण सणाचा विधी सांगितला आहे. कोकरू एक वर्षाचे, नर आणि निर्दोष असावे. ते कच्चे खाऊ नये, पाण्यात उकडू नये, विस्तवावरच भाजावे. सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी असावी. आणि सकाळपर्यंत त्यातले काही उरू देऊ नये. धर्माज्ञा म्हणून हे वाचले तर तो पवित्र विधी आहे. पण एखाद्या जाणत्या आचाऱ्याच्या नजरेने वाचले, तर वय, अग्नी, पाला आणि ताजेपणा या चारही बाबी यात अचूक सांगून झाल्या आहेत. ‘उकडू नये’ असे मुद्दाम बजावावे लागले यावरूनच कळते, की एरवी लोक उकडूनच खात.

होमरच्या ‘इलियड’च्या नवव्या सर्गात रुसून बसलेल्या अकिलीझकडे ग्रीकांचे दूत येतात, तेव्हाही हेच. ऑटोमेडॉन मांस धरतो, अकिलीझ स्वतः ते कापतो, पॅट्रोक्लस विस्तव फुलवतो. ज्वाळा ओसरून निखारे राहिल्यावर ते पसरून वर सळ्या मांडायच्या आणि मीठ शिंपडायचे. मेंढी, बकरा आणि डुक्कर यांच्या पाठीचे मांस आहे. मसाल्याचे नावही नाही. येवढा त्रिभुवनात गाजलेला वीर, पण पाहुण्यांसाठी स्वतः सुरी हातात घेतो, आणि ज्वाळेवर न भाजता निखाऱ्यावर भाजावे एवढे त्यांच्या तंबूत पक्के ठाऊक आहे. आजही चॉप जाळून टाकणारे गृहस्थ पाहिले म्हणजे अकिलीझची आठवण होते.

दोन्हीकडे प्रसंग मोठे आहेत. एकीकडे सण, दुसरीकडे राजदूतांची मेजवानी. कोवळे जनावर मारणे ही चैन होती, आणि ती का होती हे समजून घेण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: मेंढी पाळतात कशासाठी?

मांसासाठी, असे आपण चटकन म्हणतो. पण इतिहासातल्या बहुतेक मेंढपाळांनी हे उत्तर ऐकून आपल्याला वेड्यात काढले असते. मेंढी म्हणजे दरसाल लोकर देणारी, खत देणारी, काही देशांत दूध देणारी जिवंत ठेव. व्याज खायचे की मुद्दल? लोकर देणारा मेंढा चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगवायचा. त्याची लोकर खराब झाली, दात पडले, की मग कापायचा. अशा पोक्त जनावराच्या स्नायूंतले धागे बांधणारे द्रव्य वयाबरोबर घट्ट विणले जाते. ते विस्तवाच्या दहा मिनिटांच्या धगीने विरघळत नाही. उलट आक्रसून मांसाचे कातडे करते. त्याला मंद आचेवर, पाण्यात, तास दोन तास शिजवावे लागते. शिवाय मेंढीच्या मांसाचा जो खास उग्र वास, तो तिच्या चरबीतल्या काही आम्लांचा. तोही वयाबरोबर वाढत जातो. म्हणून वाटण, मसाला, कांदा, आंबट. जगातल्या अर्ध्याअधिक चमचमीत रश्श्यांचा जन्म आचाऱ्याच्या प्रतिभेइतकाच मेंढीच्या म्हातारपणातून झाला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

लोकरीचे राज्य किती कडक होते याची साक्ष स्पेन देईल. तिथल्या मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ नावाच्या संघाला १२७३ मध्ये दहाव्या आल्फॉन्सो राजाने सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांवर आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या मैदानांत जाणाऱ्या मेंढ्यांसाठी राजमार्गासारखे राखीव रस्ते होते. त्यांवर नांगर घालायला शेतकऱ्याला मनाई. सोळाव्या शतकाच्या आरंभी अशा सुमारे तीस लाख मेंढ्या दरसाल ही वारी करीत. मेरिनो जातीची मेंढी देशाबाहेर नेण्यास बंदी होती. मेस्ता १८३६ मध्ये संपुष्टात आली. पण जुना हक्क जागा राहावा म्हणून १९९४ पासून शरद ऋतूत एक दिवस माद्रिदच्या भर रस्त्यांतून मेंढ्यांचे कळप नेले जातात. इंग्लंडात तर लोकर हीच लक्ष्मी. लॉर्ड्स सभेचा अध्यक्ष आजही लोकरीने भरलेल्या लाल आसनावर बसतो. १६६६ पासून पुढच्या काही वर्षांत तिथल्या पार्लमेंटाने असे कायदे केले, की मेलेल्या माणसालाही लोकरीच्याच कफनात पुरले पाहिजे. जिथे मढ्यालाही लोकर सुटली नाही, तिथे वर्षाचे कोकरू कापून खाणाऱ्याला काय म्हणत असतील! मेंढ्यांसाठी कुळांना हुसकून कुरणांना कुंपणे घातली गेली, तेव्हा टॉमस मोरने १५१६ च्या आपल्या ‘युटोपिया’त मेंढ्या माणसांना खाऊ लागल्या असा दाहक उपरोध केला. सामान्य इंग्रजाच्या पानात पडे ते या लोकरी संसाराचे उरलेसुरले: पोक्त मटण, उकडून किंवा बार्लीबरोबर शिजवून.

दुधाच्या देशात चित्र नेमके उलटे. रोमच्या आसपासच्या प्रदेशात मेंढीचे दूध काढून पेकोरिनो नावाचे चीज करतात, आणि हा उद्योग थेट रोमन काळापासूनचा आहे. दूध माणसाला हवे, म्हणजे पिणारे कोकरू नको. त्यातून नर कोकराचा तर काही उपयोगच नाही. तेव्हा वसंतात, इस्टरच्या सुमारास, जेमतेम महिन्या-सव्वामहिन्याची कोकरे बाजारात येतात. त्यांना रोमन बोलीत ‘अब्बाक्यो’ म्हणतात. २००९ मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षणही दिले. या कोकराचे बोटाएवढे चॉप ऑलिव्हचे तेल, लसूण आणि रोझमेरी लावून निखाऱ्यावर भाजतात. पदार्थाचे नाव ‘स्कोत्तादितो’, म्हणजे ‘बोट-भाजे’. ताटलीत पडताच हातानेच उचलायचा, मग बोट भाजले तरी बेहत्तर. हे नाव ज्याने ठेवले तो काट्या-सुरीने जेवणारा नव्हता हे सांगायला नको. यातला स्वाद जितका खरा, तितकीच त्यामागची निर्दय काटकसरही खरी आहे. दूध वाचवण्यासाठी मारलेले कोकरू म्हणूनच ते इतके कोवळे.

लोकरीसाठी नाही, दुधासाठी नाही, मांसासाठीच मेंढी वाढवायची, हा विचार पद्धतशीरपणे केला तो अठराव्या शतकातल्या रॉबर्ट बेकवेलने (१७२५-१७९५). इंग्लंडातल्या लेस्टरशर परगण्यात डिशली येथे हा गृहस्थ दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून शेती करी. नात्यातल्या नात्यात निवडून पैदास करीत त्याने ‘न्यू लेस्टर’ नावाची मेंढी घडवली. हाडाने बारीक, पिंपासारखी गोल, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांत बाजारात जाण्याजोगी तयार होणारी. आपले नर तो विकत नसे, एकेका हंगामासाठी भाड्याने देई, आणि ते भाडे ऐकून शेजारी तोंडात बोट घालीत. या मेंढीच्या मांसावर चरबी फार, बड्या लोकांच्या टेबलावर ते शोभायचे नाही, अशी टीका झाली. आपण बड्या लोकांसाठी मटण पिकवीत नाही, लोकांसाठी पिकवतो, अशा अर्थाचे उत्तर त्याच्या नावावर सांगतात. गिरण्या आणि खाणी यांच्याभोवती वस्त्या वाढत होत्या. घाम गाळणाऱ्याला चरबी हवीच होती.

याच काळात लंडनमध्ये ‘चॉप-हाउस’ नावाच्या खानावळी गजबजल्या. कारकून, वकील, दलाल तिथे दुपारी जात आणि जाळीवर भाजलेला चॉप खात. चॉप या शब्दाचा मूळ अर्थच ‘घाव घालून तोडलेला तुकडा’. तो कागदोपत्री सर्वांत गाजला मात्र एका खटल्यामुळे, तोही कादंबरीतल्या. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) पिकविकसाहेबांनी आपल्या घरमालकिणीला, श्रीमती बार्डेल यांना, चॉप आणि टोमॅटोच्या सॉसविषयी चिठ्ठी लिहिलेली असते. जेवायला काय हवे एवढाच तिचा मतलब. पण वचनभंगाच्या दाव्यात विरुद्ध बाजूचे वकील बझफझ ही चिठ्ठी म्हणजे सांकेतिक प्रेमपत्र आहे असे ज्यूरीला पटवतात आणि पिकविकवर ७५० पौंडांचा हुकूमनामा होतो. विनोद सोडला तरी या चिठ्ठीत एक बातमी आहे: लंडनच्या मध्यमवर्गीय घरात संध्याकाळी चॉप करणे हे आता नवलाचे राहिले नव्हते. १८६१ मध्ये श्रीमती बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक निघाले (बाई पुढे अवघ्या २८ व्या वर्षी वारल्या). त्यात कोकराच्या चॉपची कृती आहे. पाऊण इंच जाडीचा तुकडा, लखलखीत विस्तव, जाळी, मीठ आणि मिरी, वर कुरकुरीत केलेली पार्सली. वेळ आठ-दहा मिनिटे. आजच्या कृतीत आणि हिच्यात काही अंतर नाही. पण बीटनबाई शेवटी हंगामही सांगतात: इस्टरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ज्याला परवडेल त्याला, आणि तेही सहा महिनेच. गिरणीकामगाराच्या घरी ते पुस्तक नव्हते आणि कोकरूही नव्हते.

इकडे ही टंचाई, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मांसाचा असा सुकाळ की त्याचे करावे काय हे कळेना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी लोकरीसाठी लाखो मेंढ्या वाढवल्या होत्या. लोकर जहाजाने जाई. मांस कसे जाणार? १८४३ पासून ऑस्ट्रेलियात मेंढ्या कढईत घालून नुसती चरबी काढून घेण्याचे कारखाने निघाले. त्या चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण होत, मांस फुकट जाई. लंडनचा मजूर ज्या तुकड्यासाठी जीव टाकत होता, तो तुकडा सिडनीजवळ मेणबत्ती होत होता.

मांस गोठवून समुद्रापार न्यायचे प्रयत्न आधीही झाले. फ्रेंच संशोधक शार्ल तेलिये याच्या यंत्रांचे जहाज १८७६ मध्ये अर्जेंटिनाकडे गेले होते; १८८० च्या आरंभी ‘स्ट्रॅथलेव्हन’ने ऑस्ट्रेलियाचे काही टन मांस लंडनला सुखरूप पोचवले. पण खरी कसोटी लागली ती ‘डनीडिन’ या शिडाच्या जहाजाची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओमारू गावाजवळ टोटारा नावाची मोठी जहागीर होती. तिच्या कंपनीचे कारभारी डेव्हिडसन आणि ब्रायडन यांनी हा जुगार खेळायचे ठरवले. मेंढ्या टोटाराला कापायच्या, आगगाडीने पोर्ट चामर्स बंदरात न्यायच्या आणि जहाजावरच गोठवायच्या. शिडांच्या जहाजावर वाफेचे बेल-कोलमन यंत्र बसवले. त्याचे तत्त्व सोपे: हवा दाबायची, दाबल्याने ती तापते, ती उष्णता काढून घ्यायची, मग हवेला एकदम पसरू द्यायचे की ती हिमासारखी गार होते. डिसेंबर १८८१ मध्ये माल भरू लागताच यंत्राचा दांडा मोडला. भरलेले सगळे मांस उतरवून गावात विकावे लागले. दांडा नवा केला, पुन्हा पहिल्यापासून माल भरला आणि १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनीडिन’ने नांगर उचलला. पोटात जवळजवळ पाच हजार नग. त्यांत ४,३३१ मोठ्या मेंढ्या आणि ५९८ कोकरे.

त्या प्रवासाचे वर्णन वाचताना आजही धाकधूक होते. धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडांना आगी लागत. विषुववृत्ताजवळ वारा पडला; बाहेर ऊन रटरटते आहे आणि आत गारवा सगळीकडे सारखा पोचत नाही असे ध्यानात आले. कप्तान जॉन व्हिट्सन स्वतः गोठणाऱ्या हवेच्या मार्गात सरपटत शिरला, हवा खेळावी म्हणून भोके पाडू लागला आणि थंडीने तिथेच बेशुद्ध पडला. साहाय्यकाने सरपटत जाऊन त्याच्या पायाला दोर बांधला, ओढून बाहेर काढले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन वाचवले. मेंढीच्या मांसासाठी माणूस गोठून मरता मरता राहिला, तेही विषुववृत्तावर! ९८ दिवसांनी, २४ मे १८८२ रोजी, माल लंडनला पोचला. सगळ्या मालात एकच नग खराब निघाला. स्मिथफील्डच्या बाजारातल्या खाटकांना विश्वास बसेना. ‘डनीडिन’ पुढे आठ वर्षे हीच वाहतूक करीत राहिली आणि १८९० मध्ये इंग्लंडच्या वाटेवर माणसांसकट नाहीशी झाली. तिचा मागमूस लागला नाही.

पहिल्या खेपेतले आकडे पुन्हा पाहण्यासारखे आहेत. कोकरे फक्त ५९८, म्हणजे आठांत एकसुद्धा नाही. तोवर न्यूझीलंडही लोकरीचाच देश होता. पण कोवळ्या मांसाला लंडनात भाव येतो हे दिसताच तिथल्या मेंढीचे वय झपाट्याने उतरू लागले. मांसाच्या जातींशी संकर झाले आणि थोड्याच वर्षांत ‘कँटरबरी लँब’ हे नाव इंग्लंडातल्या गल्लीबोळांतल्या दुकानांवर झळकले. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे बीटनबाईंचा सहा महिन्यांचा हंगाम बारमाही झाला. इंग्लंडातला मेंढपाळ नाडला गेला, मजुराच्या बायकोच्या तव्यावर मात्र रविवारी चॉप आला. न्यूझीलंडात १९८२ साली सात कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपच्या सामाईक बाजारात गेले होते, १९८४ नंतर सरकारी अनुदाने गेली, आणि आज तिथे त्या संख्येच्या साधारण एक-तृतीयांशच उरल्या आहेत.

ती कुरणे मुळात कोणाची? टोटारासकट दक्षिण बेटाचा अफाट मुलूख इंग्रज सरकारने १८४८ मध्ये नाइ ताहू या माओरी लोकांकडून अवघ्या २,००० पौंडांना लिहून घेतला. त्यांच्यासाठी पुरेशा जमिनी राखून ठेवू, त्यांच्या अन्नाच्या जागा त्यांच्याकडेच राहतील, ही वचने पाळली गेली नाहीत. त्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि १९९८ मध्ये, दीडशे वर्षांनी, कायदा करून सरकारने माफी मागितली व भरपाई दिली. लंडनचा स्वस्त चॉप इतका स्वस्त का पडला, याचा हिशेब या रकमेवाचून पुरा होत नाही.

आता पाल्याकडे वळू. रोझमेरी, थाईम, ओरेगानो, सेज ही नावे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना वाटते की हे काही तरी साहेबी, बाटलीतले प्रकरण. वास्तविक ही सगळी आपल्या तुळशीची, सब्जाची आणि पुदिन्याची सख्खी भावंडे. एकाच कुळातली झुडपे. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा ठणठणीत. तिथल्या खडकाळ उतारांवर तगून राहायचे तर पाने बारीक, चिवट आणि तेलकट असावी लागतात. तो उग्र वास त्या तेलाचा, आणि जनावरांनी सहसा तोंड लावू नये यासाठी तो त्यांना उपयोगीही पडतो. पुराण्या रोमच्या धनिकांचा थाट निराळा होता. आपिकियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात कोकराला आणि करडाला मिरी, माशांचे खारवलेले पाणी आणि आणखी कितीतरी जिन्नस लागतात. ती मिरी आपल्याच मलबारच्या किनाऱ्यावरून सोन्याच्या मोलाने जात असे. मेंढपाळाला सोने कोठले? त्याने पायाखालचा पाला ओरबाडला आणि निखाऱ्यावरच्या मांसावर टाकला. धनिकाची पाककृती ग्रंथात राहिली, मेंढपाळाची आजही भाजली जात आहे. इंग्रजांनी पुदिना, साखर आणि सिरका यांचा सॉस कोकराबरोबर खायची चाल पाडली. आपल्या पुदिन्याच्या चटणीपुढे तो मिळमिळीत वाटतो, पण जोडी बरोबर आहे.

आणखी एक गंमत. थाईमचा प्राण म्हणजे थायमॉल नावाचे द्रव्य. तेच आपल्या ओव्यात भरपूर असते. आजीबाईच्या बटव्यातले ओव्याचे फूल म्हणजे दुसरे तिसरे काही नसून थायमॉलचे खडे. ओवा हा धन्या-जिऱ्याच्या कुळातला, थाईम तुळशीच्या. जात निराळी, पण गुण एक. चरबट, वातूळ पदार्थात ओवा घालणारी आपली आजी आणि कोकराला थाईम चोळणारी प्रोव्हान्सची म्हातारी एकमेकींना भेटल्या असत्या, तर भाषेवाचून त्यांचे जमले असते.

मग आपल्याकडे हा पदार्थ का रुजला नाही? भाजण्याची कला नव्हती म्हणून नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या अन्नभोगाचे वर्णन आहे आणि त्यात भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत. पण पुन्हा, तो राजाचा भोग. दख्खनच्या माळावरची मेंढी ही घोंगडीची मेंढी. काळी, राठ लोकर. ती कातरून, सूत काढून, विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी तयार होते. पाऊस संपला की धनगर वाडे घेऊन निघतात, शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात; लेंड्यांचे आणि मुताचे खत जमिनीला, धान्य किंवा पैसा धनगराला. दिवाळीच्या पाडव्याला धनगरवाड्यांवर मेंढ्यांची पूजा होते. जी वर्षानुवर्षे लोकर आणि खत देते, ती लक्ष्मी पहिल्या वर्षी कोण कापील? आपला तिखट, सुक्या खोबऱ्याचा, तासभर शिजणारा रस्सा हा त्या माळाचा आणि त्या मेंढीच्या वयाचा न्याय आहे. शहरांत तर मटण म्हणजे बहुधा बोकडच. त्याच्या मांसात चरबी कमी, म्हणून नुसत्या धगीवर ते लवकर कोरडे पडते.

ते गणित आता आपल्याकडेही बदलले आहे. घोंगडीचा खप घटला, यंत्राची ब्लँकेटे आली, आणि पुष्कळ ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मेंढी मांसावर जगू लागली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण काढला, तो याच बदलत्या काळाची खूण. बेकवेलने अडीचशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न माणदेशाच्या माळावर आज विचारला जातो आहे.

तेव्हा ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांनी खाटकाकडे कोवळ्या मेंढीचीच चाप मागावी. मांस फिके गुलाबी, चरबी पांढरी, बरगडीचे हाड बारीक असले म्हणजे वय कमी असे समजावे. एका कोकराच्या दोन्ही बाजूंच्या मिळून असे बरगडीचे तुकडे साधारण सोळाच निघतात, आणि पाठीजवळच्या या स्नायूला चालण्या-धावण्याचे कष्ट कमी म्हणून तो मऊ. त्यामुळे आधी सांगून ठेवावे हे बरे. चार माणसांना आठ तुकडे, बोटभर जाडीचे. तासभर आधी मीठ लावावे. चार-पाच लसूणपाकळ्या ठेचून, दोन चमचे तेल, थोडी भरडलेली मिरी आणि रोझमेरीच्या एका डहाळीची बारीक चिरलेली पाने चोळावीत. रोझमेरी न मिळाल्यास मूठभर पुदिना आणि चिमूटभर ओवा हातावर चुरडून घ्यावा. ओवा चिमटीहून अधिक नको, नाहीतर औषध होते. पुदिना तव्यावर करपतो, तेव्हा निम्मा शेवटी वरून घालावा.

बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापू द्यावा. तुकडे प्रथम चरबीच्या कडेवर उभे धरावेत, म्हणजे चरबी सुटून त्यातच ते भाजले जातात. मग एकेका बाजूला तीन-तीन मिनिटे. मधूनमधून उचलून पाहण्याचा मोह टाळावा. तव्याला चिकटलेला तुकडा भाजून झाला की आपणच सुटतो. ज्यांना आतला गुलाबीपणा नको त्यांनी आच उतरवून आणखी दोन-तीन मिनिटे ठेवावे. उतरल्यावर पाच मिनिटे झाकून बाजूला ठेवावे, कापताच रस वाहून जात नाही. लिंबू पिळायचे ते अगदी वाढताना.

मेंढीची चरबी चटकन गोठते आणि टाळूला चिकटते. म्हणून ताटल्या गरम करून ठेवाव्यात, मंडळींना आधी पानावर बसवावे, आणि मगच तवा चुलीवर चढवावा. हे चॉप उरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवण्यात अर्थ नाही.